डोळ्यांखालचं काळं

बेळगावात डोळ्यांखालचं काळं ही खासगी गोष्ट राहत नाही. गणपत गल्लीत भाजी घेताना, कपिलेश्वराच्या देवळात, खानापूरच्या बसमध्ये, कुणीही विचारतं, "काय गं, रात्रभर जागूलालीस काय?" आणि आपण तोंड उघडायच्या आत निदानही होऊन जातं. कॉलेजातली असली तर मोबाईल, नवी लग्न झालेली असली तर सासर, पन्नाशीची असली तर शुगर. पुरुषांना सहसा कुणी विचारत नाही. त्यांचं काळं कामाच्या खात्यावर जमा होतं.

आमच्या घरात हे काळं आजीकडून आलंय, आणि आजी आठला जेवून नऊला घोरायला लागायची. तिला कसली जागरणं? तिच्या लग्नाच्या फोटोत ते दिसत नाही, पण त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळायचे, तेव्हा फोटोची साक्ष काढण्यात अर्थ नाही. आईचं तसंच, माझं तसंच, आणि भाचीला तर आठवीतच दिसायला लागलं. आपल्याकडच्या पुष्कळ घराण्यांत असं असतं. डोळ्यांखालच्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला काळसर करणारं रंगद्रव्य, मुळातच जास्त, आणि ऊन त्यात भर घालतं.

पण रंग हा एकच भाग. पापणीची त्वचा अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर, आपल्याकडच्या मांडे या गोड पदार्थाच्या पापुद्र्यासारखी. तिच्याखाली चरबीही नावालाच. लगेच स्नायू आणि रक्तवाहिन्या, आणि त्यांचा निळा-जांभळा रंग वर दिसतो. वय वाढलं की गालाची चरबी ओसरते, डोळ्याखाली नाकाकडून खळगा पडतो आणि त्यात सावली बसते. खडेबाजारातल्या साड्यांच्या दुकानात छताच्या दिव्याखाली आरशासमोर उभं राहिलं की आपण एकदम दहा वर्षांनी मोठ्या दिसतो, ते या सावलीमुळं. तोच चेहरा दारात, समोरून उजेड घेऊन बघा. काळं पुसट झालं तर ती सावली. बोटानं त्वचा हलकेच ताणूनही रंग तसाच राहिला तर तो बहुधा त्वचेतलाच. बऱ्याच जणींचं थोडं हे, थोडं ते असतं.

निपाणीकडं आणखी एक कारण भेटतं. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांना खकाणा, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ, नवा नाही. नाक चोंदतं, डोळे चुरचुरतात, हात आपसूक डोळ्याकडं जातो. आत नाक सुजलं की डोळ्याखालच्या शिरांतलं रक्त नीट वाहून जात नाही, तुंबतं, आणि त्याची निळसर छटा वर येते. वरून चोळून चोळून त्वचा काळवंडते ती वेगळीच. मग त्याच बाईला घरी कुणीतरी म्हणतं, "डोळं आत गेल्यात, झोप की जरा." झोपून खकाणा जातो होय?

झोपेचा संबंध नाही असं नाही. जागरणानं चेहरा फिका पडतो आणि फिक्या त्वचेखाली शिरा उठून दिसतात. पण वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथांची मिरवणूक पहाटेपर्यंत बघून सगळं गाव तसंच तोंड घेऊन फिरतं, आणि पुढच्या दोन-तीन रात्री पोटभर झोपलं की उतरतं. जे महिनोन्‌महिने हलत नाही, त्याचं खापर झोपेवर फोडणं मला तरी आळशीपणाचं वाटतं. त्यापेक्षा रक्त तपासावं. हिमोग्लोबिन कमी असलं की तसाच फिकेपणा येतो, आणि बाईचं ते १२ ग्रॅमच्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणतात. घरात सगळ्यांच्या मागून जेवणारीला हे कुणी विचारत नाही. डोळ्यांखालचं मात्र सगळ्यांना दिसतं.

काजळाची गंमत वेगळीच. लहानपणी दृष्ट लागू नये म्हणून डोळ्यांत हौसेनं बोटानं ओढतात, आणि मोठेपणी रात्री तेच काजळ पुसताना खसाखसा चोळून डोळ्यांखाली कायमचं काळं करून घेतो आपण.

उपायांची यादी प्रत्येकीच्या फोनमध्ये आहेच. गार काकडीनं शिरा थोडा वेळ आकसतात, सूज उतरते, तासाभरानं सगळं जागच्या जागी. काकडीपेक्षा गारव्याचा गुण जास्त, गार पाण्याची पट्टीही तेच करते. सकाळी डोळे सुजत असतील तर डोक्याखाली आणखी एक उशी आणि रात्री मीठ कमी. त्वचेत रंग असेल तर सनस्क्रीन आणि चोळणं बंद, तेही चिकाटीनं. खळग्याची सावली मात्र कुठलंच मलम भरून काढत नाही. तिथं डॉक्टर सुईनं फिलर, म्हणजे खळगा भरून काढणारं द्रव्य, भरतात. त्याचा खर्च ऐकून जिची झोप उडेल, तिचं काळं तेवढं खात्रीनं जागरणाचं म्हणायचं.