फ्रान्सने हात वर केला नाही

चार वर्षांच्या नव्या पदवी अभ्यासक्रमात मुख्य विषयाबाहेरचेही पेपर घ्यावे लागतात. त्यातला ‘जागतिक प्रश्न’ हा तीन क्रेडिटचा, म्हणजे ४५ तासांचा पेपर मी इथे गोव्यात शिकवते. वर्गात केमिस्ट्रीवाले, कॉमर्सवाले, मराठी मेजरवाले असे सगळेच असतात, त्यामुळे राज्यशास्त्राची पूर्वतयारी धरून चालता येत नाही. हवामानबदल, निर्वासित, व्यापार हे घटक पीपीटीवर उरकले तर मुलं टिपणं उतरवतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून संयुक्त राष्ट्रांचा घटक आला की मी वर्गात एकच बैठक उभी करते : १८ डिसेंबर १९६१ची सुरक्षा परिषद, विषय गोवा. भारतीय फौजा पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात शिरल्या, त्या दिवसाची.

तेव्हाची परिषद अकरा जणांची होती. पंधराची झाली १९६५ साली. कायम सदस्य पाच. निवडून आलेले सहा : सिलोन, चिली, इक्वेडोर, लायबेरिया, तुर्कस्तान आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). भारत आणि पोर्तुगाल यांना बोलायला बोलावलं होतं, पण मत नव्हतं. अशा तेरा टेबलांवर तिघं-तिघं बसतात. एक बोलणारा, एक चार्टर (संयुक्त राष्ट्रांची सनद) उघडून बसणारा आणि एक इतरांच्या टेबलांवर जाऊन बोलणी करणारा. या तिसऱ्याला मुलं कमी लेखतात, पण खरं काम त्याचंच असतं. उरलेली मुलं मागच्या बाकांवर, आमसभा म्हणून. आठवडाभर आधी प्रत्येक टेबलाला एक कागद मिळतो. त्यात चार गोष्टी असतात : त्या देशाचे करार, आधीची मतं, त्याला आत्ता काय हवंय आणि काय बोलून चालणार नाही. कडक नियम एकच. त्या तारखेनंतरचं काहीही माहीत नाही असं धरूनच बोलायचं.

घोळ ठरावीक जागी होतात. चीनचं टेबल मोबाईलवर शोधाशोध करून बीजिंगची भूमिका घेऊन येतं. १९७१पर्यंत ती खुर्ची तैपेईच्या सरकारकडे होती, आणि ते सरकार अमेरिकेच्या गोटातलं. दुसरा घोळ तटस्थ राहण्याचा. कायम सदस्य तटस्थ राहिला म्हणजे व्हेटो झाला असं अर्ध्या वर्गाला वाटतं. व्हेटो होतो तो विरोधात मत दिल्यावरच. शिवाय व्हेटो चालतो मूळ ठरावावर, कामकाजाच्या प्रश्नावर नाही. म्हणूनच सोव्हिएत युनियनचा विरोध असूनही विषय पटलावर आलाच.

तिसरी अडचण खास आपल्याकडची. भारताच्या टेबलासाठी चढाओढ, आणि पोर्तुगालचं नाव काढलं की, “मॅम, हांव पाखलो जावंचो ना!” (मी पोर्तुगीज होणार नाही!) ज्याच्या गळ्यात पडतं तो खलनायकाचा आवाज काढून बोलतो, आणि मग वादात काही राम उरत नाही. त्यावर माझा उपाय म्हणजे त्या टेबलाचा कागद सगळ्यात भक्कम करायचा. चार्टरचं कलम २(४), बळाचा वापर नको. १९५१मध्ये घटना बदलून लिस्बनने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ केलं, म्हणून वसाहतींची माहिती संयुक्त राष्ट्रांना द्यायला लावणारं कलम ७३ आपल्याला लागूच नाही हा दावा. दमणहून दादरा-नगरहवेलीला जाण्याच्या वाटेवरून हेगच्या न्यायालयाने १२ एप्रिल १९६०ला दिलेला निकाल : खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रं यांना नव्हता. भारताच्या टेबलाकडे याला उत्तर आहे. डिसेंबर १९६०च्या १५४२ क्रमांकाच्या ठरावाने गोव्याचं नाव घेऊन ‘प्रांत’ हा दावा मोडीत काढला होता. पण ते उत्तर शोधायला चार्टर चाळावं लागतं, नुसतं देशप्रेम पुरत नाही.

ठराव दोन. पहिला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा : लढाई थांबवा, भारताने १७ डिसेंबरच्या आधीच्या जागी फौजा मागे घ्याव्यात, तोडगा शांततेने काढा. त्याला बाजूने सात, विरोधात चार मतं पडली. सात मतं पुरेशी होती. पण चारांत सोव्हिएत युनियन होतं, म्हणून ठराव पडला. दुसरा, पोर्तुगालची तक्रार फेटाळणारा, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाचा. तो चार विरुद्ध सात असा पडला. म्हणजे परिषदेने काहीच ठरवलं नाही, आणि दुसऱ्याच दिवशी गोव्यात पोर्तुगीजांची शरणागती झाली. अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन त्या बैठकीत म्हणाले की या नाटकाचा शेवट संयुक्त राष्ट्रांच्या मृत्यूत होऊ शकतो. मुलांना हे ऐकून धक्काच बसतो. आपला मुक्तिदिन कुणाला तरी मृत्युघंटा वाटली होती, हे पाठ्यपुस्तकात कुठे येतं?

यंदाच्या वर्गात इथवर सगळं रुळावर होतं. इक्वेडोरचं टेबल तर फारच तयारीचं. वसाहतवादाचा तिटकारा असलेला देश भारताविरुद्ध का, याचं उत्तर त्यांनी नकाशावर दाखवलं. १९४१च्या युद्धानंतर करार होऊन आमचा मुलूख पेरूला गेला, आणि तो करार आम्ही १९६०मध्ये झुगारलाय. बळाने सरहद्द ठरते हे आज मान्य केलं तर आमचाच दावा बुडतो. अमेरिकेच्या मुलांची मात्र ओढाताण झाली. मार्च १९६१मध्ये अंगोला या पोर्तुगीज वसाहतीच्या प्रश्नावर त्यांच्या देशाने पोर्तुगालविरुद्ध मत दिलेलं, आणि पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरच्या अमेरिकी हवाईतळाचा करार १९६२अखेर संपणार.

व्हेटो पडला, अध्यक्षांनी (डिसेंबरात अध्यक्षपद संयुक्त अरब प्रजासत्ताकाकडे होतं) बैठक गुंडाळायला घेतली, आणि अमेरिकेच्या टेबलावरची चार्टरवाली मुलगी उठली. केमिस्ट्रीची. “अध्यक्ष महाराज, ठराव ३७७. विषय आमसभेकडे पाठवा. हा कामकाजाचा प्रश्न आहे, इथे व्हेटो चालत नाही. कुठलीही सात मतं पुरतात, आणि सात आमच्याकडे आहेत.”

तिचं बरोबर होतं. परिषद व्हेटोने अडली की विषय आमसभेकडे नेण्याची, कोरियन युद्धाच्या वेळी १९५०मध्ये काढलेली ही वाट १९५६ला सुएझच्या वेळी वापरलीही गेली. सोव्हिएतचं टेबल ओरडायला लागलं. अध्यक्ष माझ्याकडे बघत होता. मी त्याला नियम बघायला सांगितलं. त्याने प्रस्ताव मताला टाकला. अमेरिका, ब्रिटन, चीन, तुर्कस्तान, चिली, इक्वेडोर. सहा हात. फ्रान्सचा बोलणारा पोरगा हाताची घडी घालून बसलेला.

“आमच्या ताब्यातल्या अल्जेरियाचा प्रश्न दर वर्षी आमसभेत येतो,” तो म्हणाला. “ऑगस्टमध्ये ट्युनिशियातल्या आमच्या बिझर्टच्या तळावरून विशेष अधिवेशन झालं, आम्ही गेलोसुद्धा नाही. सुएझचं भांडण तिथे कुणी नेलं तेही आठवतंय. गोवा तिथे पाठवायचा म्हणजे आमचंच दार उघडायचं.” प्रस्ताव पडला. केमिस्ट्रीवाली त्याच्याकडे बघतच राहिली. मघाशी दोघं एकाच ठरावाचे मालक होते.

खऱ्या बैठकीत हा प्रस्ताव मताला आला नव्हता, पण त्या पोराचं बोलणं फ्रान्सच्या कागदात चपखल बसणारं होतं. एकच देश, एकच दिवस, एकच विषय, आणि मूळ ठरावावर एक मत तर कामकाजावर दुसरं. मी ‘राष्ट्रहित’ या शब्दाची व्याख्या सांगणं केव्हाच सोडून दिलंय. ती अशी दिसली तरच कळते.

मागच्या बाकांना चैन पडेना, म्हणून विषय आमसभेत गेला असता तर काय झालं असतं, याचा हिशोब फळ्यावर मांडला. तेव्हा सदस्य १०४. सगळ्यांनी मत दिलं तर दोन-तृतीयांशासाठी ७० हवीत, म्हणजे ३५ जण अडवू शकतात. एकट्या १९६०मध्ये १७ नवे देश आले, त्यातले १६ आफ्रिकेतले. त्याच वर्षी वसाहती संपवा म्हणणारा ठराव ८९ विरुद्ध शून्य असा मंजूर झाला, नऊ तटस्थ. त्या नवात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि पोर्तुगाल. सत्तर आकडा कुठून येणार, हे आता कुणालाही विचारावं लागलं नाही.

मार्क भाषणाला थोडे, मतस्पष्टीकरणाला जास्त. एक पान, त्या देशाच्या आवाजात, मतदानानंतर लगेच वर्गातच लिहायचं; घरी दिलं की सगळी गोवेकर होऊन लिहितात. पुढच्या बॅचला मागच्या बाकांनाही कागद देणार आहे. घाना, नायजेरिया, आयर्लंड आणि टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग). टांगानिका सदस्य झाला १४ डिसेंबर १९६१ला, बैठकीच्या चार दिवस आधी, तेव्हा त्याच्या कागदावर ‘आधीची मतं’ हा रकाना कोराच राहील. त्या तिघांना आपली भूमिका पहिल्यापासून बांधावी लागेल.