नाकाच्या कडेची खपली आणि वीस खेपा

वडिलांच्या नाकाच्या उजव्या कडेला, डोळ्याच्या कोपऱ्यापासून बोटभर अंतरावर, वर्षभर एक काळसर पुटकुळी होती. तिच्यावर खपली धरायची, तोंड पुसताना ती निघून थोडे रक्त यायचे आणि पुन्हा खपली धरायची. त्यांच्या ८४ वर्षांपैकी साठ तरी शेतात, उन्हात गेलेली. आम्ही मात्र तिला चामखीळच समजत राहिलो, याची मला आजही खंत वाटते. तुकडा तपासल्यावर बेसल सेल कार्सिनोमा निघाला. हा त्वचेचा कर्करोग शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी त्वचा आणि खालची कूर्चा पोखरत राहतो.

शस्त्रक्रिया हाच पहिला पर्याय असल्याचे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. फ्रान्समध्ये चेहऱ्यावरील याच कर्करोगाच्या ३४७ रुग्णांवर झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चार वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या गटात ०.७ टक्के, तर किरणोपचाराच्या गटात ७.५ टक्के रुग्णांत रोग उरला किंवा उलटला होता. परंतु वडिलांच्या हृदयात स्टेंट होता, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या आणि नाकाची कड कापल्यावर कपाळाची त्वचा वळवून तिथे बसवावी लागणार होती. त्यांनी किरणोपचार निवडला.

गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून साचा घेतला गेला, जागेपुरते भोक ठेवलेला शिशाचा पत्रा बसवला गेला आणि डोळ्यात बधिर करणारे थेंब घालून पापणीखाली संरक्षक कवच ठेवले जाऊ लागले. यात वापरलेला इलेक्ट्रॉनचा झोत ठरावीक खोलीपलीकडे फारसा जात नाही, हेच या उपचाराचे मर्म आहे. रोज अडीच ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) याप्रमाणे २० वेळा, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरून चार आठवडे. प्रत्यक्ष किरणे जेमतेम काही मिनिटे, बाकी सगळा प्रवास आणि वाट पाहणे. अतिशय थकलेल्या रुग्णांना मोठ्या मात्रेच्या मोजक्या बैठकांतही हा उपचार देता येतो, हे मला नंतर समजले. पहिल्याच भेटीत विचारायला हवे होते.

तिसऱ्या आठवड्यात जागा लाल होऊन ओलसर झाली, नंतर जाड खपली धरली आणि उपचार संपल्यावर महिना-दीड महिन्यात ती गळून पडली. आता तिथली त्वचा फिकट आहे, बारीक लाल शिरा दिसतात, आणि वडील तिच्यावर चष्मा टेकवून पुन्हा वर्तमानपत्र वाचतात.