वसईहून ठाणे : गायमुख घाटात तापलेले इंजिन

‘ठाण्यात बर्फ पडतो का? मग कूलंट कशाला? साधे पाणी टाका,’ कूलंट या इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाविषयीचा हा सल्ला मला माझ्या नेहमीच्या मिस्त्रीने दिला होता आणि मी तो दोन वर्षे निमूटपणे पाळला. त्याची किंमत मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी घोडबंदर रस्त्यावर मोजावी लागली. वसईतले दोन दिवस, किल्ला आणि सुकेळी उत्तम होती. त्याविषयी येथे लिहीत नाही.

जाताना सकाळी साडेसहाला नौपाड्यातून निघालो तेव्हा रस्ता मोकळा होता आणि तापमानाचा काटा मध्याच्या जरा खाली स्थिर होता. त्यावरून गाडी ठणठणीत असल्याचा निष्कर्ष मी काढला आणि तेथेच फसलो. गाडी वेगात असते तेव्हा रेडिएटरला, म्हणजे इंजिनचे तापलेले पाणी निववणाऱ्या जाळीला, समोरून वारा मिळतो, त्यामुळे त्याचा पंखा बंद पडलेला असला तरी कळत नाही. कोंडीत उभे राहिले की सगळी भिस्त पंख्यावर येते. आमचा पंखा कधीपासून बंद होता, देव जाणे.

परतताना फाउंटन हॉटेलच्या नाक्यापासून काजूपाड्यापर्यंत यायला एक तास वीस मिनिटे लागली. पुढे कंटेनर, मागे ट्रेलर, पहिला गिअर, अर्धवट दाबलेला क्लच, आणि मागच्या सीटवर बहात्तर वर्षांची आई असल्यामुळे पूर्ण जोरात चाललेला एसी, ज्याचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच बसलेला असल्याने तापलेली हवाच आत जात होती. गायमुख घाटाच्या चढाला काटा तीन चतुर्थांशावर गेला. मी एसी बंद केला, काचा उघडल्या आणि हीटर पूर्ण गरम करून त्याचा आतला पंखा जोरात लावला, कारण हीटर हा इंजिनची उष्णता गाडीत ओढून घेणारा एक छोटा रेडिएटरच असतो. ‘अरे, आम्हाला भाजून काढतोस का?’ आई म्हणाली. तरी उपाय खरा आहे. आम्हाला त्याने पाच मिनिटे मिळवून दिली.

त्यानंतर जे घडले ते कोणी आधी सांगितले असते तर माझे बरेच पैसे वाचले असते. काटा झपकन खाली आला आणि आम्ही सगळे ‘सुटलो’ म्हणून हसलो. त्याच क्षणी हीटरमधून येणारी हवा गार लागू लागली. काटा खाली आला होता तो इंजिन थंड झाले म्हणून नव्हे, तर पाणी संपून सेन्सर कोरडा पडला होता म्हणून. आणि हीटरपर्यंत गरम पाणी पोहोचत नव्हते म्हणून हवा गार झाली होती. काटा पडणे आणि हीटर गार होणे या दोन गोष्टी एकत्र घडल्या तर पुढच्या वळणापर्यंत जाण्याचाही विचार करू नये. मी साधारण दोनशे मीटर गेलो आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला की इंजिन तात्काळ बंद करावे. काटा नुसता वर चढला असेल आणि पंखा फिरत असेल, तर न्यूट्रलमध्ये काही मिनिटे चालू ठेवणे चालते. आम्ही डावीकडे घेऊन हॅझार्ड दिवे लावले, चाकामागे दगड लावला, धोक्याचा त्रिकोण पन्नास पावलांवर ठेवला आणि आई व मुलाला डाव्या दारातून उतरवून कठड्यापलीकडे उभे केले. उन्हात उभे राहावे लागले म्हणून दोघेही वैतागले, पण मागून ट्रेलर येत असताना बंद गाडीत बसणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

दहा मिनिटांत स्कूटरवरून एक ‘मेकॅनिक’ हजर झाला. ‘साहेब, झाकण खोलल्याशिवाय कळणार कसं?’ म्हणत त्याने ओले फडके झाकणावर टाकलेसुद्धा. मी त्याचा हात धरला. रेडिएटरचे झाकण आत साधारण एक बार जास्तीचा दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. घरातल्या कुकरचे गणितही हेच आहे. शिट्टी झाल्या झाल्या कुकरचे झाकण ओढले तर जे होईल तेच तोंडावर घ्यायचे असेल तर फडके वापरावे. त्याची दुसरी सूचना तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतण्याची होती, ज्याने अॅल्युमिनियमचा हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकू किंवा तडकू शकतो. शेवटी त्याने पाच लिटरचा ‘इम्पोर्टेड कूलंट’ मला दीड हजारांना विकला आणि मी, दमलो असल्यामुळे, तो घेतला.

पन्नास मिनिटे थांबलो. वरचा जाड पाइप हाताला सोसेल इतका निवल्यावर झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवले, फुस्स आवाज संपू दिला आणि मग काढले. तो कॅन हळूहळू ओतला, तर खालच्या पाइपातून सगळे डांबरावर आले. तेथून गाडी चालवून नेण्याचा प्रश्नच नव्हता. टोइंगवाल्याने कासारवडवलीपर्यंतच्या, दहा किलोमीटरांच्याही आतल्या अंतरासाठी सहा हजार मागितले आणि साडेतीन हजारांवर तयार झाला. दुसऱ्या दिवशी विम्याची पॉलिसी उघडली, तर रोडसाइड असिस्टन्सचे, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडल्यावर मिळणाऱ्या मदतीचे, पैसे मी दर वर्षी भरत होतो.

गॅरेजात रेडिएटरमधून उरलेसुरले चहाच्या रंगाचे गंजके पाणी निघाले, आणि कॅनच्या तळाशी राहिलेले ‘इम्पोर्टेड कूलंट’ हे हिरव्या रंगाचे पाणी निघाले. कूलंट फक्त पाणी गोठू नये म्हणून नव्हे, तर गंज रोखण्यासाठी आणि उत्कलनबिंदू वाढवण्यासाठीही असतो. माझ्या मिस्त्रीचा सल्ला या शहरासाठी साफ चुकीचा आहे. ऑइल दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे त्यात पाणी मिसळले नव्हते, आणि हेड गॅस्केट (हेडखालचे सील) वाचले होते. पंख्याची मोटर, पाइप आणि रेडिएटर मात्र बदलावे लागले.

या रस्त्याने जाणाऱ्यांनी आदल्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभ्या उभ्या सुरू करून एसी लावावा आणि पंखा फिरताना डोळ्यांनी पाहावा. हात लांब ठेवावा, कारण काही गाड्यांत तो किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होतो. कूलंटच्या टाकीतली पातळी थंड इंजिनवरच पाहावी. वसईकडून येताना काटा मध्याच्या वर गेलेला असेल, तर घाटाआधीच्या चेणे गावालाच बाजूला घ्यावे. घाट सुरू झाल्यावर धड थांबायला जागा मिळत नाही.