तुम्ही विचारलंत म्हणून: अपराधी वाटतंय, तर प्रेमकथा कशाला?

"मनाला काहीतरी टोचतंय, स्वतःला माफ करता येत नाहीये, एखादं पुस्तक सुचवा," असं कुणी म्हणालं की मी बहुतेक वेळा इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरची 'अ रूम विथ अ व्ह्यू' हातात देते. थोड्या दिवसांनी हमखास विचारणा होते: अहो, ही तर इटलीच्या सहलीतली प्रेमकथा! हिच्यात अपराधीपणा कुठे आला? तोंडी उत्तर देताना माझी नेहमीच घाई होते, म्हणून आता लिहूनच टाकते.

कादंबरी 1908 सालची. ल्यूसी हनीचर्च ही इंग्लंडमधल्या सरे परगण्यातली मुलगी. शार्लट नावाच्या नात्यातल्या प्रौढ, अविवाहित बहिणीच्या पहाऱ्यात ती फ्लॉरेन्सला येते. तिथे जॉर्ज इमर्सन भेटतो आणि फिएझोलेच्या डोंगरउतारावर, फुलांच्या गर्दीत, तिचं चुंबन घेतो. शार्लट ते पाहते आणि दोघी तडक रोमला निघून जातात. घरी परतल्यावर ल्यूसीचं लग्न सेसिल नावाच्या एका सुसंस्कृत आढ्यतेखोराशी ठरतं. मग नेमका जॉर्ज आपल्या म्हाताऱ्या वडिलांसह तिच्याच गावात राहायला येतो. पुढचं सांगायला ज्योतिषी नको.

इस्माइल मर्चंटनी निर्माण केलेला 1985 सालचा चित्रपट ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्यातलं इटलीचं ऊनच लक्षात राहतं. म्हणून पुस्तकही हलकंफुलकं असेल असा समज होतो. पण फॉर्स्टरनं मेख कुठे मारलीय ते बघा. ल्यूसी लपवत फिरते ते चुंबन, ज्यात तिचा काडीचा दोष नाही. आणि खोटं बोलते ते मात्र रतीब घातल्यासारखं, बिनदिक्कत. शेवटाकडच्या चार प्रकरणांची शीर्षकंच तशी आहेत: जॉर्जशी खोटं, सेसिलशी खोटं, मग बीबी नावाचा पाद्री, आई, भाऊ आणि नोकरचाकर यांच्याशी खोटं, शेवटी म्हाताऱ्या इमर्सनशी खोटं. ते "आणि नोकरचाकर" वाचताना मला दर वेळी हसू येतं. एकदा सुरुवात झाली की घरातलं कुणी सुटत नाही.

यातला सगळ्यात बारकाईनं वाचण्यासारखा प्रसंग म्हणजे ती सेसिलला नकार देते तो. तू मला माझं ठरवू देत नाहीस, माणसं कशी ओळखायची ते तुला कळत नाही, असं ती त्याला सुनावते. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त तो जॉर्जकडून उसना घेतलेला आहे, आणि दुसऱ्या कुणावर माझं मन आहे असं समजू नकोस, हेही ती वर ठासून सांगते. खऱ्या वाक्यांची चळत रचून खोटं बोलता येतं, हे इतकं स्वच्छ दाखवणारं पान मी दुसरीकडे क्वचितच वाचलंय. सेसिल बिचारा तिथे कधी नव्हे इतका चांगला वागतो, त्यामुळे ते आणखीनच लागतं.

आणि अपराधीपणानं एक बळीही घेतलाय. इमर्सन दांपत्यानं मुलाला बाप्तिस्मा दिला नव्हता, दोघांनी मिळून ठरवून. जॉर्ज बारा वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला. ईगर नावाच्या पाद्र्यानं आईच्या डोक्यात पापाची गोष्ट भरवली. मुलगा बरा झाला, आई मात्र त्याच विचारात खचत जाऊन गेली. हाच ईगर पुढे फ्लॉरेन्समध्ये सांगत सुटतो की इमर्सननं देवाच्या साक्षीनं बायकोचा खून केला! इतकी अंधारी गोष्ट फॉर्स्टरनं अशा उन्हाळी कादंबरीच्या पोटात ठेवलीय, आणि सहलीच्या गमतीत ती सहज नजरेआड होते.

थोडं विषयांतर. हाच फॉर्स्टर 1921 मध्ये देवास संस्थानाच्या थोरल्या पातीत (म्हणजे थोरल्या शाखेत), तुकोजीराव पवार महाराजांकडे खाजगी सचिव होता. तिथली गोकुळाष्टमी त्यानं पाहिली, आणि 1924 च्या 'अ पॅसेज टु इंडिया'त शेवटी तुकारामांचं नाव घुमतं. "सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता" ही ओळ त्याच्या कानावर आली असेल असा माझा दावा नाही. पण म्हातारा इमर्सन ल्यूसीला सांगतो ते मला तरी याच जातीचं वाटतं.

काय सांगतो? ती ग्रीसला पळायच्या तयारीत असते. तो तिला तोंडावर म्हणतो, तुझं जॉर्जवर प्रेम आहे. ती रडते, चिडते, शेवटी म्हणते की घरच्यांचा माझ्यावर विश्वास आहे. त्यावर त्याचं म्हणणं: सगळ्यांना फसवलंस, तर त्यांनी विश्वास का ठेवावा? "जाऊ दे, तुझी काही चूक नाही" असं तो म्हणत नाही. जिथे चूक होती तिथे बोट ठेवतो, आणि जिथे नव्हती तिथली लाज काढून घेतो. मनाला टोचणी असलेल्या माणसाला आपण सहसा याच्या नेमकं उलट वागवतो, सरसकट धीर देऊन मोकळे होतो. हे लिहिणाऱ्याला स्वतःचं पुरुषावरचं प्रेम जन्मभर जगापुढे झाकून ठेवावं लागलं. त्या विषयावरची त्याची 'मॉरिस' 1971 मध्ये आली, तो गेल्यानंतर.

शेवट गोड असला तरी हिशेब पूर्ण मिटलेला नाही. ल्यूसी आणि जॉर्ज लग्न करून पुन्हा फ्लॉरेन्सला येतात, तेव्हा तिच्या घरच्यांनी तिला माफ केलेलं नसतं. आपण खरेपणानं वागलो तर खरं प्रेम करणारे कधीतरी परत येतील, अशी तिला आशा आहे. जॉर्ज त्यावर नुसतं "कदाचित" म्हणतो.

एक मात्र खरं, ज्यांच्या हातून खरोखरच दुसऱ्याचं मोठं नुकसान झालंय, त्यांना मी हे पुस्तक देत नाही. सेसिलच्या दुःखाकडे कादंबरी फारशी वळून बघत नाही, आणि अशा वाचकाला आधी सेसिलच दिसेल.