तुम्ही विचारलंत म्हणून: दोन खंजीर आणि एक टोपी

रोमन नाण्यांचा विषय निघाला की कुणी ना कुणी विचारतंच, "यातलं तुमचं सगळ्यात आवडतं कोणतं?" माझं उत्तर ठरलेलं आहे: इ.स.पू. ४२ च्या सुमाराचा ब्रूटसचा देनारियस.

देनारियस म्हणजे चांदीचं, जेमतेम चार ग्रॅमचं नाणं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध पेटलेलं असताना, इ.स.पू. २११ च्या आसपास रोमने ते पाडायला सुरुवात केली. आधी एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसरीकडे घोड्यांवरचे जुळे देव. पुढे टाकसाळीवर नेमलेले तरुण अधिकारी त्यावर आपल्या पूर्वजांचे पराक्रम कोरून घेऊ लागले. राजकारणात नाव करायचं होतं, आणि नाणं तर हातोहात फिरतं! पण हयात माणसाचा चेहरा रोमच्या टाकसाळीत उमटत नसे. तो मान देवांचा आणि दिवंगतांचा.

ब्रूटसनेही इ.स.पू. ५४ च्या सुमारास हेच काम केलं. त्याच्या एका नाण्यावर स्वातंत्र्याची देवी लिबर्टास आहे, तर मागे रोमच्या शेवटच्या राजाला हाकलणारा पूर्वज लुसियस ब्रूटस. पुन्हा राजा नको, हे त्याने तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझर याचा चेहरा, तो हयात असतानाच, नाण्यावर आला. त्याच वर्षी १५ मार्चला ब्रूटस आणि त्याच्या साथीदारांनी सीझरचा खून केला.

आता माझं आवडतं नाणं. मागच्या बाजूला दोन खंजीर, दोघांच्या मुठी वेगळ्या. मध्ये टोपी, गुलामगिरीतून सुटलेला माणूस घालायचा ती. खाली अक्षरं 'ईद मार', म्हणजे १५ मार्च. खुनाची तारीख, सैनिकांच्या पगाराच्या नाण्यावर!

आणि पुढच्या बाजूला हयात ब्रूटसचा स्वतःचा चेहरा.

याला ढोंग म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. तोवर सीझरच्या बाजूचे, ब्रूटसचे शत्रू अँटनी आणि ऑक्टेव्हियन या दोघांचेही चेहरे नाण्यांवर आले होते, आणि आपला पगार कोण देतोय हे सैन्याला दिसायला हवं होतं. सीझर गेला तरी त्याने पाडलेली रीत टिकली, आणि ती ब्रूटसलाही मोडता आली नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

इ.स.पू. ४२ मध्येच फिलिप्पीच्या लढाईत या दोघांकडून हरल्यावर ब्रूटसने आत्महत्या केली. पण अडीचशेएक वर्षांनी इतिहास लिहिणाऱ्या कॅसियस डियोला त्याचं हे नाणं ठाऊक होतं. टोपी आणि दोन खंजीर, दोन्हींचा उल्लेख त्याने केला आहे.