शब्दवही: 'टाउट' एकदाचा लागला

माल खपवण्याच्या इंग्रजी शब्दांचा 'खपवाखपवी' हा कप्पा भरत आलाय. 'हॉक' आणि 'पेडल' फार वेळ खात नाहीत. आधी हॉकर नि पेडलर ही फिरून माल विकणारी माणसं होती, क्रियापदं त्यांच्यावरून मागाहून पाडली. 'हॉक'चा ससाण्याशी संबंध नाही, तेवढं कार्डावर ठळक लिहा म्हणजे झालं. अडून बसला होता तो टाउट.

उच्चार आधी. स्पेलिंग tout, म्हणजे 'सगळं' या अर्थाच्या फ्रेंच 'तू'चंच, म्हणून आपल्यातले काही जण 'टूट' म्हणतात. 'आउट'शी यमक जुळवा.

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ डोकावणं, टेहळणं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चोरांच्या बोलीत पाळत ठेवणारा तो टाउट. पुढे शर्यतींच्या जगात, सरावातले घोडे चोरून बघून पैज लावणाऱ्यांना खबर विकणारा. गिऱ्हाईक गाठणं हा अर्थ अठराव्या शतकातच आला, पण वस्तूची वारेमाप तारीफ करणं हा मात्र थेट विसाव्या शतकातला. म्हणजे आधी डोळा, तोंड नंतर. नाशिकरोड स्टेशनाबाहेर पाच मिनिटं उभे राहा, हा क्रम दिसेल. डबा घेऊन उतरलेल्या रोजच्या माणसाकडे कुणी ढुंकून बघत नाही. बॅगा, आजी आणि भिरभिरती नजर असलेलं कुटुंब दिसलं की मग 'शिर्डी, शिर्डी, त्र्यंबक?' सुरू.

व्याकरणात 'टाउट फॉर' म्हणजे गिऱ्हाइकं ओढणं, आणि नुसतं 'टाउट' करून पुढे वस्तू आली की तिची भलामण. हे दोन्ही सरळ आहेत. वर्तमानपत्रांचा लाडका 'टाउटेड अ‍ॅज' मात्र बेरकी. नाशिकला भारताची वाइन कॅपिटल म्हणून 'टाउट' केलं जातं, असं वाक्य आलं की कोण करतं ते विचारायचं नाही! वार्ताहर दावा सांगतो आणि अंगाला लावून घेत नाही. मराठीत यासाठी लांबलचक क्रियापद शोधत बसू नका, 'म्हणे' पुरे. 'नाशिक म्हणे वाइनची राजधानी.' शंका आली, बोलणारा गायब झाला, वाक्यही आखूड राहिलं. 'मच-टाउटेड'ला मात्र 'म्हणे' पुरत नाही, तिथे 'एवढा गाजावाजा झालेला' हवं. आणि कुणी स्वतःलाच टाउट करत असेल, तर टिमकी वाजवणं आहेच.

नामाचं कार्ड वेगळं केलं, कारण आपल्याकडे हा शब्द कायद्यातही आहे. कोर्टाच्या आवारात वकिलांना अशिलं मिळवून देणाऱ्या दलालांची यादी करण्याची तरतूद 1879च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टमध्ये होती. तो कायदा 2023च्या दुरुस्तीने रद्द झाला, पण टाउट वाचला: अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या 45अ कलमात जाऊन बसला. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2023 साली पाचशे! रेल्वे तिकिटांच्या दलालीला 1989च्या रेल्वे कायद्याचं 143 कलम आहे. ब्रिटनमध्ये तिकिटं चढ्या भावाने विकणारा टाउट, तोच अमेरिकेत स्कॅल्पर. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र टाउट म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, आणि तिथे ही शिवी आहे. तिकडच्या बातम्या वाचताना 'दलाल' लावलंत तर सगळा अर्थ फिरेल.

माझं मत विचाराल तर नामाचा वास क्रियापदाला लागतोच. स्वतःच्या मालाबद्दल इंग्रजीत लिहिताना 'वी टाउट' लिहू नये, तिथे साधं 'प्रमोट' बरं. दुसऱ्याच्या मालाबद्दल लिहिताना खुशाल वापरा.

पुढचं कार्ड 'पफ'चं. बेकरीतला नव्हे, जाहिरातीतला. इंग्लंडमधल्या 1892च्या कार्बोलिक स्मोक बॉल खटल्यात हे औषधी उपकरण विकणाऱ्या कंपनीने 'आमची जाहिरात म्हणजे नुसता पफ', म्हणजे पोकळ बढाई, असा बचाव केला होता आणि कोर्टाने तो मानला नाही. वकील मंडळींपैकी कुणाकडे त्या निकालाची जुनी छापील प्रत असेल तर वाचायला द्या.