मेटाडेटा आधी मजकूर म्हणूनच वाचा

कुठला नमुना, कुठल्या गावचा, कधी घेतला, कुणी घेतला ही प्रकल्पाची यादी, म्हणजेच मेटाडेटा, बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये भरली जाते आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल) होऊन पायथनकडे येते. पायथनमध्ये तक्ते हाताळणाऱ्या पांडाज लायब्ररीचं रीड_सीएसव्ही ती एका ओळीत उघडतं आणि त्याच ओळीत गुपचूप बदलतंही.

राजस्थानचा जनगणना कोड ०८ नुसता ८ होतो. नमुना क्रमांकाची एक जागा रिकामी राहिली की अख्खा रकाना दशांशात जातो, १०१ चा १०१.० होतो, आणि मग फाइलींच्या नावांशी काहीच जुळत नाही. नामिबियाचा दोन रोमन अक्षरी देश-कोड 'एनए' तर चक्क रिकामी जागा ठरतो. यातल्या कशालाही एरर येत नाही, हीच गोम आहे.

म्हणून फाइल वाचतानाच डीटाइप (रकान्याचा प्रकार) 'स्ट्र', म्हणजे मजकूर, असा द्या. नामिबिया मात्र तेवढ्यानेही बचावत नाही. कीप_डिफॉल्ट_एनए 'फॉल्स' करून एनए_व्हॅल्यूजमध्ये फक्त रिकामी स्ट्रिंग ठेवावी लागते. पुढे एकेक रकाना आपल्या हाताने बदलायचा. तारखेला दिवस-महिना-वर्ष असा फॉरमॅट स्पष्ट द्या. 'दिवस आधी' सांगणाऱ्या डेफर्स्टवर विसंबू नका, ते सक्तीचं नाही. एरर्स 'कोअर्स' ठेवलंत तर न समजलेल्या तारखा एरर न देता मुकाट रिकाम्या होतात, त्या किती ते लगेच मोजा.

गावांची नावं देवनागरीत असतील तर खरी गंमत तिथे आहे. 'कऱ्हाड' तीन प्रकारे टाइप झालेलं सापडतं: थेट ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) आणि हलन्त; साधा र, नुक्ता आणि हलन्त; किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह (यू+२००डी). पडद्यावर तिन्ही सारखीच, पांडाजला तीन वेगळी गावं. स्ट्र.नॉर्मलाइजला 'एनएफसी' (युनिकोडचं एक प्रमाण रूप) दिलं की पहिली दोन एक होतात, तिसरं तसंच राहतं. झेडडब्ल्यूजे नुसता पुसलात तर 'कर्हाड' होऊन बसेल. त्याऐवजी 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' ही पूर्ण जोडी 'ऱ, हलन्त' ने बदला. कडेच्या मोकळ्या जागा काढणारं स्ट्रिप हे काम करत नाही, त्याच्या लेखी झेडडब्ल्यूजे ही मोकळी जागाच नव्हे. खरं तर गावाच्या नावावर जोडणी करूच नये, सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतल्या गावाच्या क्रमांकावर, म्हणजे एलजीडी कोडवर करावी. पण तो कोड फॉर्मवर आधीपासून असतो कुठे!

मोजमापं डावीकडे, नमुन्यांची यादी उजवीकडे ठेवून नमुना क्रमांकावर दोन्ही तक्ते मर्ज करताना (जोडताना) हाऊ 'लेफ्ट', व्हॅलिडेट 'मेनी_टू_वन' आणि इंडिकेटर 'ट्रू' द्या. यादीत एक क्रमांक दोनदा असला तर मोजमापांच्या ओळी वाढण्याआधीच मर्ज अडतं, आणि यादीत न सापडलेल्या ओळींपुढे 'लेफ्ट_ओन्ली' दिसतं. रिकामे क्रमांक आधीच बाजूला काढा, कारण पांडाज दोन्हीकडचे रिकामे क्रमांक एकमेकांशी जुळवतं. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत ते जुळत नाहीत, म्हणून तिची सवय असलेले इथे हमखास फसतात.

मूळ सीएसव्हीला हात लावू नका. साफ केलेला तक्ता रकान्यांचे प्रकार जपणाऱ्या पार्के फाइलमध्ये ठेवा. पुन्हा सीएसव्ही केलात तर रकान्यांचे प्रकार जातात आणि हे सगळं परत करावं लागतं.